बाबांचा 'वा'

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला. 'वा'. भूक लागली तरी वा, डास चावला तरी वा. डॉक्टर म्हणाले, बाकीचे शब्द येतील हळूहळू. कदाचित नाहीही येणार.

आईचा जीव मात्र त्या एका शब्दात अडकला. लग्नापासून तिच्या हातच्या एकाही पदार्थाला बाबांनी वा म्हटलं नव्हतं. मुकाट्यानं जेवायचे, चुकलं असेल तेवढं सांगायचे आणि उठायचे. आता नेरूळच्या हॉस्पिटलात ती पेज भरवायची आणि ते म्हणायचे, "वा." आई चक्क लाजायची. मग मला बाजूला घेऊन विचारायची, "मनापासून म्हणतायत का गं?"

मला काय कळणार, कपाळ! पण नसत्या चौकशा करायची माझी खोड जुनी. केरळची सिस्टर 'वा' ऐकला की हातातलं काम टाकून यायची. "अंकल ने बुलाया ना?" तिच्या मल्याळममध्ये वा म्हणजे ये. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको गुजराती. तिच्याकडे वा म्हणजे संधिवात. तिनं कळवळून घरून तेल आणवलं आणि बाबांच्या ठणठणीत गुडघ्यांना आठवडाभर मालीश झालं. सोसायटीतले संस्कृतचे निवृत्त मास्तर भेटायला आले. संस्कृतात वा म्हणजे किंवा, म्हणून ते एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात दूध धरून उभे राहिले. बाबांनी दोन्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "वा." मला हसू आवरेना. फ्रेंच शिकणाऱ्या भाचीनं फोनवर सांगितलं की त्यांच्यात वा म्हणजे 'जातो'. हे मी आईच्या कानावर घातलं नाही. मला स्वतःलाच त्या रात्री नीट झोप लागली नाही.

एवढ्या भाषा पालथ्या घातल्या, पण आईला काय सांगायचं ते काही मला सापडलं नाही.

बाबा घरी आले. बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. पाणी, नको, पंखा असे सुटे शब्द यायला लागले, पण 'वा' तसाच मध्ये मध्ये यायचा. एका रविवारी आईनं सारसोळ्याच्या कोळणीकडून ताजे बोंबील आणले, मऊ भात कालवून बाबांना वाढला आणि ताटाशीच उभी राहिली. कान टवकारलेले.

बाबांनी घास गिळला. दुसरा घेतला. मग कपाळाला आठ्या घालून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "मीठ... कमी... पडलंय."

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं अख्खं वाक्य.

आई मटकन खुर्चीत बसली. हसत होती आणि रडतही होती. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "हे आले गं परत."