जीनबाईंचे आजोबा आणि माझे लॅमिनेशन

इंग्लंडात रीडिंगहून लीड्सला रेल्वेने निघालेल्या मध्यमवयीन माणसाने मांडीवरची पिशवी इतकी घट्ट धरू नये. समोरच्यांना संशय येतो. पण माझ्या पिशवीत शेजारच्या जीनबाईंचे आजोबा होते.

म्हणजे त्यांची सही. अमेरिकेत एकेकाळी गावोगावच्या बँकांच्या नावाने नोटा निघत आणि त्यांवर त्या बँकेच्या कॅशियरची सही असे. अशा नोटांचा मला अर्धवट नाद. जीनबाईंचे आजोबा अशाच एका बँकेचे कॅशियर; म्हणून त्यांनी घरातली एकुलती नोट माझ्या स्वाधीन केली.

"नाव आजोबांचंच आहे. पण सही हाताने केलेली की रबरी शिक्का, एवढं विचारून ये."

आजोबांच्या हातचे दुसरे काहीच त्यांच्याकडे नव्हते.

नोट जीर्ण होती. जबाबदार पुणेकराने अशा वेळी जे करावे, ते मी केले: लॅमिनेशन.

"अहो, तुमच्या दहावीच्या मार्कशीटसारखी दिसतेय," निघताना सुनंदा म्हणाली. पत्नीचे हे वाक्य मी स्तुती समजलो.

गाडी उत्तरेकडे सरकली, शेतांना दगडी कुंपणे आली. तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्यावर तेलकट बोटे पिशवीला लावली नाहीत. इतका मी काळजीवाहू.

जुन्या नोटांचा बाजार एका चर्चच्या सभागृहात भरला होता. चहासोबत पार्किन (आले-काकवीचा केक) मिळाला. अमेरिकन नोटांच्या टेबलामागच्या बाईंनी आमची नोट पाहिली आणि भिंग खाली ठेवले.

"हे कुणी केलं, लव्ह?" (तिकडे अनोळख्यालाही असेच म्हणतात.)

"मीच. सुरक्षित राहावी म्हणून."

"कुणापासून?"

प्रामाणिक उत्तर 'माझ्यासारख्यांपासून' असे होते. मी पार्किनचा तुकडा तोंडात टाकला.

नोटेवरचा सनद क्रमांक (बँकेच्या सरकारी परवान्याचा) त्यांनी बँकेशी आणि गावाशी ताडून पाहिला. नोट अस्सल होती. "पण शाई लेखणीची की शिक्क्याची, ते उघडा कागद तिरपा धरूनच कळतं. आता सोलायला गेलात, तर सहीच निघून येईल."

परतीच्या वाटेवर मी क्षमायाचनेची सुरेख भाषणे रचली. जीनबाईंच्या दारात त्यांतले एकही आठवले नाही.

"मी बिघडवली," एवढेच म्हणालो.

"म्हणजे कळणार नाही? कधीच?"

"नाही."

त्या बराच वेळ प्लॅस्टिकवरून बोट फिरवत राहिल्या. जपणे म्हणजे झाकणे, अशी माझी आयुष्यभराची समजूत; ज्याची वस्तू त्याला आधी विचारावे, हे सुचायला मला लीड्सपर्यंत जावे लागले.

"खाली बस," अखेर त्या म्हणाल्या. नोट टेबलावर ठेवली आणि चहाचा कप माझ्यासमोर, नेमका तिच्यावर. "आता सांडलास तरी हरकत नाही."

तो अख्खा चहा मी आजोबांच्या सहीवरून उचलून प्यालो. साखर दोन चमचे होती; मी एक थेंबही सांडू दिला नाही.