दुसऱ्याच्या कार्डावर

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला क्लार्क होतो. हजेरी, गेटपास, पीएफचे फॉर्म माझ्याकडे. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी पेन्शन अडकलेले कामगार अजून घरी येतात. त्यातला एक साताऱ्याकडचा, भट्टीवर काम केलेला.

नोकरी लागली होती त्याच्या थोरल्या भावाला. भाऊ पंधरा दिवसांत कंटाळून गावी गेला आणि त्याच्याच हजेरीच्या कार्डावर हा कामाला आला. हे मला माहीत होतं. तरी पीएफचा फॉर्म मी भावाच्याच नावानं भरला. तेव्हा चालायचं असं. आता आधार कार्डावर नाव वेगळं, आणि पेन्शनवाले त्याला म्हणतात, तुम्ही तिथं कामाला नव्हताच.

तीन खेपांना मी त्याला नुसता चहा पाजून परत पाठवलं. चौथ्यांदा मात्र इतकी वर्षं मनात असलेलं विचारलंच.

"भावाच्या नावानं हाक मारली की वळायचात कसे?"

"पैला म्हैना न्हाईच वळलो. समदी बहिरा म्हनायची. मग अशी सवय लागली, की गावाकडं भावाला कुनी हाक मारली तरी मीच ओ द्यायचो."

"आणि घरी आमच्या वहिनी, तुमची बायको?"

"ती माझं नाव घ्यीत न्हाई, थोरल्या दिराचं तर न्हाईच न्हाई. कंपनीचं कुनी आलं, की नुसतं आत बोट दाखवायची!"

दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "सायेब, तुमाला समदं ठावं हाय. लिहून द्या की."

बसलो लिहायला. पण त्याला ठाऊक नव्हतं तेही लिहावं लागलं. कारखाना बंद होण्याआधी त्यानं नावदुरुस्तीचा अर्ज माझ्याकडे दिला होता. मूळ फॉर्मवर सही माझी. चौकशी झाली असती तर माझी नोकरी गेली असती. अर्ज मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वर पाठवलाय म्हणून सांगितलं.

वाचताना त्याचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"म्हंजे, ग्येलाच न्हवता?"

"नाही."

"मी पोस्टमनला इचारायचो, रोज."

तो कागद फाडणार असं मला वाटलं. त्यानं तो माझ्यापुढे सरकवला.

"सही करा. आन् खाली नाव लिवा. तुमचं सोताचं."