इन्शिराहमावशीचं अर्धं पान

सिनेनटी नाझली सिर्रीचं आत्मचरित्र बाजारात आलं तेव्हा शुब्रा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त आनंद इन्शिराहमावशीला झाला. बड्या बाईला आम्ही हानम म्हणतो; सिनेमात नाझली हानमने घातलेला एकेक झगा मावशीच्या हातून गेलेला. इस्त्री करणं, घेर आवळणं, ऐन वेळी उसवलेली बाही अंगावरच शिवणं, यातच मावशीची उमेदीची वर्षं गेली. मग हानम म्हातारी झाली, सिनेमे थांबले आणि बोलावणंही थांबलं. तरी उठता-बसता मावशीच्या तोंडी "आमची हानम" असायचीच.

मला अशा पुस्तकांचा नाद आहे. नवरा म्हणतो, "दुसऱ्यांच्या बढाया पैसे देऊन काय वाचतेस?" बढाई कुठे संपते आणि माणूस कुठे डोकावतो ते शोधण्यात मजा असते, हे त्याला पटत नाही. गल्लीत कॉलेज केलेली आणि घरी असलेली मी एकटीच, म्हणून वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. हेही पुस्तक आलं.

गच्चीवर आम्ही बायका द्राक्षाच्या पानांत भात भरत बसलो होतो. मावशीचा नवरा उस्ता बय्यूमी कोपऱ्यात कबुतरांच्या खुराड्याला नवं दार ठोकत होता. कसबी सुतार म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणत; गल्लीतल्या निम्म्या घरांचे दरवाजे त्याच्या हातचे.

"आधी फोटो दाखव," मावशी म्हणाली.

फोटोत हानम आरशापुढे उभी, आणि दातांत टाचण्या धरून तिच्या पायाशी बसलेली तरुण मावशी.

"अगं बाई, कंबर बघा हिची!" खालच्या मजल्यावरची तहानी ओरडली. तहानीच्या जिभेला हाड नाही. "मावशी, ही कंबर कुठे विकलीस गं?"

"पोरांमध्ये वाटून टाकली," मावशी म्हणाली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

मी वाचू लागले. 'इन्शिराह म्हणजे माझी सावली.' मावशीने ओल्या मनगटाने डोळे पुसले. तेवढ्यात पुढची ओळ माझ्या नजरेला पडली आणि मी थांबले.

"काय झालं गं?"

"काही नाही. पुढे तिचं परदेशात शूटिंग वगैरे आहे."

"अर्धं पान तर उरलंय!" म्हणत तहानीने पुस्तक ओढलं आणि मोठ्याने वाचलं, 'तिचा नवरा बय्यूमी सुतार होता, पण त्याच्या हाताला काम नसे. तिची मुलं माझ्या ताटातल्या उरल्यासुरल्यावर वाढली. परवा तिनेच माझ्या लेखनिकाला सांगितलं, आमच्या अंगावरचं मांस हानमच्याच अन्नाचं.'

शेवटाला तहानीचाही आवाज बारीक झाला. हातोडी थांबली. उस्ताने तोंडातले खिळे काढून डबीत टाकले आणि मान खाली घालून तो जिना उतरून गेला. दार एकाच बिजागरीवर लोंबत राहिलं.

"खोटारडी मेली!" तहानी म्हणाली. "लिहिताना लाज कशी वाटली नाही तिला?"

"तिने मनचं नाही लिहिलं," मावशी म्हणाली. "मीच तसं सांगितलं."

आमच्याकडे असं बोलतातच. डॉक्टरने फी सोडली, घरमालकाने गळका नळ बदलून दिला, तरी आम्ही म्हणतो, तुमच्यामुळे जगलो, तुमच्या अन्नावर वाढलो. ऐकणारा म्हणतो, "असं नका बोलू, देणारा अल्ला," आणि विषय तिथेच संपतो. ते कुणी छापत नाही.

"तो लिहून घेणारा काय परका होता?" मी म्हटलं. "त्याला कळायला नको?"

"त्याने विचारलं गं. म्हणाला, उस्ताचं काम चालायचं ना? मीच म्हटलं, कसलं काम, हानम नसती तर भीक मागितली असती आम्ही." मावशी हातातलं पान गुंडाळत होती, पुन्हा उलगडत होती. "मला वाटलं, तिच्या कानावर जाईल. माझी आठवण येईल. एकदा तरी फोन करेल."

"केला?"

तिने मान हलवली. नाही.

पुस्तक गल्लीभर फिरलं. उस्ता कॅफेत जाईनासा झाला, घरात बोलेनासा झाला. संध्याकाळचा चहा आणि सोंगट्यांचा डाव तरुणपणापासून त्याचा तिथेच. मावशी रडकुंडीला आली. "शिव्या द्या हवं तर, पण बोला."

"माझं नाव छापलंय ना?" त्याने विचारलं.

"छापलंय."

"नाव नसतं तर बरं झालं असतं."

मग मावशीने जे केलं ते आमच्या गल्लीतली बाई करत नाही. ती तडक कॅफेत शिरली आणि हुक्के ओढणाऱ्या पुरुषांच्या मधोमध उभी राहिली. "ऐका सगळे! माझी पोरं उस्ताच्या रंध्यावर वाढली. मी खोटं बोलले."

"मावशी, हे आम्हाला सांगायला हवं?" कॅफेवाला म्हणाला. "आत्ता ढकलून आलीस ते दार कुणी केलंय?" पण बोलताना तो पेले पुसत राहिला, आणि बाकीच्यांनी सोंगट्यांवरून नजर उचलली नाही.

घरी येऊन तिने उस्ताला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "इतके दिवस माझ्या माघारी बोलत होते. आता तोंडावर कीव करतील. कसा बसू मी तिथे?"

तेव्हापासून तो संध्याकाळी घरीच असतो. मावशी कॅफेतल्यासारखा काचेच्या पेल्यात पुदिना घालून चहा देते, पट मांडते आणि समोर बसते. परवा मी गेले तेव्हा ती पुन्हा हरली होती.

"मुद्दाम हरतेस?" उस्ताने विचारलं.

"नाही हो. येतच नाही मला."

"खरं सांग."

"खरंच," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली, जणू मी साक्ष द्यावी.