आप्पांचा गुडघा

आप्पांचा उजवा पाय पिंडरीतून कापला तेव्हा सर्जनने मला बाहेर बोलावून सांगितलं, "गुडघा वाचवलाय. तो जपा." साखरेच्या आजाराने सडत आलेला पाय, तरी त्या माणसाने जिवाचं रान करून गुडघा राखला होता. गुडघा असला की कृत्रिम पाय लावून माणूस शेतात जातो, संडासला एकटा जातो. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. उरलेली सगळी इज्जत त्या गुडघ्यात होती.

पाय बसवणारा नांदेडातच मिळाला, दवाखान्यांच्या रस्त्यावर. पाटीवर 'तज्ज्ञ' लिहिलेलं. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. हैदराबादेत एका दुकानात बघून बघून शिकलेला आहे, हे फार नंतर कळलं. मी शाळेत शिकवते. आमच्याकडे खिचडी शिजवायला बाई ठेवायची तरी चार कागद तपासतात. माझ्या वडिलांच्या पायाला हात घालणाऱ्याचे कुणी तपासलेच नव्हते.

माणूस मात्र गोड. त्याच्यावर राग धरायचा तर हीच मोठी अडचण. कंधारजवळच्या आमच्या गावी तो मोटरसायकलवर यायचा, मायच्या हातचा चहा प्यायचा, आप्पांपुढे उकिडवा बसून पायाचा पट्टा आवळायचा आणि विचारायचा, "आप्पा, काही तकलीफ?"

"काहीच न्हाई. मस्त हाय," आप्पा सांगायचे.

तो खूश, आप्पा खूश. आप्पा बांधापर्यंत चालत जायला लागले. वाटेत कुणी भेटलं की पायजमा वर करून पाय दाखवायचे. मी सुट्टीला गेले की आप्पा मुद्दाम अंगणात दोन फेऱ्या मारायचे आणि मी बघतेय ना, याची खात्री करून घ्यायचे. मला खरंच फार बरं वाटायचं.

मग एका सकाळी मायला त्यांच्या कापलेल्या पायावरच्या मोज्याला मुंग्या लागलेल्या दिसल्या. मोजा काढला तर हाडाच्या टोकाशी जखम, आत बोट जाईल एवढी. आप्पा दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे बघत राहिले. "दुखत तर न्हाई," म्हणाले.

जळकोटच्या आत्याच्या सांगण्यावरून आम्ही लातूर गाठलं. तिथे कृत्रिम अवयवांची रीतसर पदवी घेतलेली, सरकारी नोंदणी असलेली एक मुलगी होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिने आप्पांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "मी हात लावेन. कुठे लागतोय ते सांगा." तिच्या हातात नायलॉनच्या ताठ दोऱ्याचा तुकडा होता. तो ती कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर इथे टेकव, तिथे टेकव करत राहिली. आप्पा शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसलेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "करा की सुरू, बाई."

मला तिथेच रडू कोसळलं. मग तिने समजावून सांगितलं, की साखरेने जाण गेलेल्या माणसाला दुखतं का विचारून उपयोग नसतो, दर वेळी पाय उतरवून कातडी डोळ्यांनी बघायची असते. तिने कायदाही सांगितला. नोंदणी नसलेल्याला हे काम करताच येत नाही म्हणे.

पू हाडात शिरला होता. गुडघा गेला.

मी तक्रार केली. पहिल्या कार्यालयात म्हणाले, आम्ही डॉक्टरांचं बघतो, हा तर डॉक्टरच नाही. दुसरीकडे म्हणाले, दुकानाचा परवाना आहे त्याच्याकडे, आणखी काय पाहिजे? शेवटी एका साहेबांनी दोन्ही बाजूंना समोर बोलावलं. अपंगांचं काम बघणारं कार्यालय आणि तेही वरच्या मजल्यावर. आप्पांना खुर्चीसकट उचलून जिना चढवला. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना.

साहेबांनी आप्पांना विचारलं, "यांना तुम्ही कधी सांगितलं का, त्रास होतोय म्हणून?"

"न्हाई साहेब. दुखलंच न्हाई तर काय सांगू?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. साहेबांनी तेवढं नीट लिहून घेतलं. नोंदणीचा विषय मी दोनदा काढला. वर विचारतो, म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात तो माणूस आला आणि वाकून आप्पांच्या उरलेल्या डाव्या पायाला हात लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, याचीच मला जास्त चीड आली. "आप्पा, मांडीपासूनचा पाय मी करून देतो," तो म्हणाला. "पैसे नकोत. घरी येऊन करतो."

"हात काढा आधी," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लातूरच्या मुलीने सांगितलं होतं, आधी जखम पूर्ण भरू द्या, मग कित्येक महिने इथे येऊन चालायला शिकावं लागेल. गावाहून लातूर, दर वेळी दोघांच्या खांद्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत.

"माप घ्यायला कधी येता?" आप्पांनी त्याला विचारलं.