सोडून दिलेली गोळी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझ्या मुलाला तिथल्या कचेरीत नोकरी लागली आणि तो तिकडचाच झाला. मी कंधारजवळच्या आमच्या गावात राहिले. मालक गेल्यावरही एकटीच राहिले. आता पंच्याऐंशी उलटली तरी माझं मी रांधून खाते.

गेल्या मोठ्या दुष्काळात मला दिवसाला सात गोळ्या होत्या. माझी शाळा चौथीपर्यंतची आणि पाकिटावर सगळं इंग्रजी, म्हणून मी गोळ्या रंगावरून ओळखायची. सून महिन्याला लातूरहून घेऊन यायची. एका खेपेला रक्तदाबाची पांढरी गोळी गुलाबी निघाली.

"कंपनी बदलली, आत्याबाई. औषध तेच हाय," सून म्हणाली.

मी मान हलवली. मनात आलं, ही सुस्ती आणणारी गोळी असेल. मी अंथरुणाला खिळले की घराला कुलूप आणि मी लातूरला. मुलगा कधीचा मागे लागला होता.

शेजारणीला हे बोलून दाखवलं तर ती हसली. "काकी, लातूरला पाणी रेल्वेनं यायलंय. तुम्हाला नेऊन पाजतील काय?"

तरी संशय गेला नाही. सून गोळ्यांचा डबा आवरायला लागली तरी वाटे, काहीतरी शोधतेय.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. सातांतली एक लघवीची गोळी होती. ती घेतली की दुपारपर्यंत परसातल्या संडासाला पाच-सहा खेपा व्हायच्या, आणि प्रत्येक खेपेला डबाभर पाणी. टँकर आठवड्याला यायचा, माझ्या वाट्याला चार घागरी. प्यावं की तिकडं ओतावं? मी ती गोळी सोडून दिली. हे पुरुष डॉक्टरला कसं सांगायचं, आणि मुलाला तरी कसं?

पंधरा दिवसांत पाय सुजले, चप्पल चढेना. मी गुलाबी गोळीला दोष दिला.

सून आली तेव्हा मी लुगड्याचा काठ खाली ओढून बसले. तिनं काठ वर केला, घोट्याजवळ बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. मग तिनं गोळ्यांचा डबा उघडला. लघवीच्या गोळीचं पाकीट भरलेलं होतं.

"पाण्यापायी सोडली व्हय?"

मी काठ पुन्हा खाली ओढला. तेवढ्यात मुलाचा फोन आला. आता हिनं सांगितलं की संपलं, उद्याच्या गाडीनं जावं लागणार.

"बऱ्या हायत," ती फोनवर म्हणाली. "उन्हानं जरा दमल्यात."

फोन ठेवून ती शेजारणीकडं गेली आणि तिच्या पाण्यातली एक घागर उसनी घेऊन आली. "ही परसातली. हिच्यातलं पिऊ नका. उद्यापासून गोळी चालू करा, आन् सूज उतरली न्हाई तर मीच त्यांना सांगणार."

सूज उतरली. मी घरातच राहिले. पण ती त्या दिवशी नवऱ्याशी खोटं का बोलली, हे मला कळलं नाही. माझ्यासाठी बोलली, की मी तिच्या घरात नको म्हणून? विचारायचा धीर झाला नाही. अजून झालेला नाही.