गळ्यातली फळी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला सांगितलेलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. मध्येच 'असू द्या हो, होतं असं' म्हणायचा विचार असेल तर आत्ताच उठा. मला ते ऐकायचं नाही.

सुरुवात एका पुस्तकापासून होते. वेल्श लोकांचा इतिहास — गुहेत राहत होते तिथपासून थेट कालपरवापर्यंत, सगळाच्या सगळा, एका ठोकळ्यात. आमच्या शेजारच्या ओवेननं दिला. ओवेन मूळचा वेल्सचा, बायको इथली, डच; आमच्या या बेस्ट नावाच्या गावात तीसेक वर्षं राहतोय. निवृत्त झाल्यापासून कुंपणाशी उभं राहून बोलायला माणूस शोधत असतो. एकदा मी त्याला — कशाला, देव जाणे — सांगून बसले की मी इथे बरीच वर्षं दर रविवारी मराठीची शाळा चालवली. झालं! दुसऱ्या दिवशी हा ठोकळा घेऊन स्वारी दारात. म्हणाला, तू भाषा जगवणारी बाई, तुला हे आवडेल.

मला ते मुळीच आवडलं नाही. पहिल्या शंभर पानांत एक नाव धड उच्चारता येईना. मग राजे सुरू झाले. एकानं भावाचे डोळे काढले, दुसऱ्यानं पुतण्याला कैदेत टाकलं, आणि ते एकमेकांत भांडत असताना इंग्रज येऊन किल्ले बांधून गेले. असली भाऊबंदकी बघायला मला वेल्सला कशाला जायला हवं? आमच्या माहेरच्या जमिनीचा वाद काय वाईट आहे? पुढे मेंढ्या, पाऊस, कोळशाच्या खाणी, प्रार्थनामंदिरं. आणि पानोपानी तीच रड — आमचं हे गेलं, आमचं ते गेलं. एवढासा मुलूख आणि केवढी ती कुरकुर! मी दुपारी चहा घेऊन बसायचे आणि चडफडत वाचायचे. सोडून का दिलं नाही? ओवेन रोज कुंपणावरून विचारायचा, कुठपर्यंत आलीस. आणि हातात घेतलेलं पुस्तक अर्धं टाकायचं नाही, हा माझा पुणेरी हट्ट.

मग शाळांचं प्रकरण आलं.

त्यात लिहिलं होतं की पूर्वी तिथल्या काही शाळांत एक लाकडी फळी असायची, दोरी ओवलेली, वर दोन अक्षरं कोरलेली. वर्गात जो वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्यानं ती गळ्यात घालून कान देऊन बसायचं, आणि दुसरं कोणी वेल्श बोललं की त्याच्या गळ्यात घालायची. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. म्हणजे मास्तरला काही करावंच लागत नाही. पोरंच पोरांवर पाळत ठेवतात. आणि ते मास्तर कुठून आलेले होते? पुष्कळसे वेल्शच. आईबापही तक्रार करत नसत, उलट त्यांना वाटायचं, पोराचं भलं होतंय.

मी पुस्तक मिटलं आणि कपाटावर टाकून दिलं. आठवडाभर त्याच्याकडे बघितलं नाही. ओवेनला म्हटलं, फार सुरेख आहे, संपवलं. तोही खोटेपणाच, पण तो किरकोळ.

आता सांगते. थांबा — आधी माझ्या शाळेबद्दल सांगायला हवं.

मी पुण्यात एका शाळेत शिकवत होते. नवऱ्याला इकडे आइंडहोव्हनजवळ नोकरी लागली आणि मी त्याच्या मागून आले, नोकरी सोडून. इथे मला कोणी विचारीना. मग बेस्टच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एक खोली रविवारी दोन तास मिळवली आणि मराठीचा वर्ग काढला. बघता बघता वीसेक मुलं झाली. सगळी पुण्या-मुंबईकडच्या आयटीवाल्यांची. रविवारी त्या खोलीत मी पुन्हा बाई व्हायचे. आईबाप मला मेधाताई म्हणायचे, जरा दबूनच असायचे. मला ते आवडायचं — कशाला नाकारू?

मुलं मात्र मराठी बोलत नसत. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. आपसात तर डचच. मला संताप यायचा. मग मला एक युक्ती सुचली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. इथे पर्यटकांच्या दुकानात लाकडी बूट मिळतात, क्लोम्प, अंगठ्याएवढे, किल्ल्यांना अडकवायचे. तसला एक पिवळा बूट आणला, त्याला दोरी ओवली. वर्गात जो डच किंवा इंग्रजी बोलेल त्याच्या गळ्यात बूट. त्यानं कान देऊन बसायचं, दुसरा कोणी चुकला की त्याच्या गळ्यात घालायचा. तास संपताना ज्याच्याकडे असेल त्यानं एकट्यानं खुर्च्या आवरायच्या, बाकीच्यांनी तोवर चिवडा खायचा.

ओळखलंत ना? मी वेल्सचं नावसुद्धा धड ऐकलेलं नव्हतं. कोणी शिकवलं नाही मला. माझं मलाच सुचलं — हे मला त्या पानावर जास्त लागलं. त्यांनी ज्या हत्यारानं भाषा मारली, तेच मी भाषा जगवायला उचललं. पालक खूश होते. गणपतीच्या कार्यक्रमात एकानं माझ्या बुटाचं जाहीर कौतुक केलं, टाळ्या पडल्या.

पण कबुली ही नाही. बुटापर्यंत सांगून थांबले असते तर ती नुसती चूक ठरली असती, आणि तुम्ही मला माफही करून टाकलं असतंत.

संबोधी सात वर्षांची होती. आई प्रज्ञा आइंडहोव्हनला सॉफ्टवेअरमध्ये, वडील संशोधनात. बौद्ध कुटुंब, अकोल्याचं. दोघांचं इथे बस्तान बसेपर्यंत मुलगी अकोल्याला आजीजवळ होती. त्यामुळे ती आली तेव्हा वर्गातल्या वीस मुलांत अस्खलित मराठी बोलणारी ती एकटी. डच तर तिला येतच नव्हतं. मी ज्यासाठी वर्ग काढला होता ते चालत बोलत माझ्या दारात आलं होतं.

फक्त ते वऱ्हाडी होतं.

ती आली त्या पहिल्याच रविवारी मी मुलांना विचारलं, आजीकडे गेल्यावर काय करता. कोणी उठेना. संबोधी उठली. अगदी उभी राहून, हात मागे बांधून म्हणाली, "माही आजी कुरड्या वाळू घालते ना, तं मले काठी घेऊन बसवते, कावळे हाकलाले." किती छान सांगत होती! पुढे कावळ्याची काहीतरी गंमत होती, ती सांगायच्या आत मुलं हसायला लागली. त्या वेळी बूट ईशान नावाच्या मुलाच्या गळ्यात होता. त्यानं तो हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, हे मराठी नाहीये ना? देऊ तिला?"

मला तिचा शब्दन्‌शब्द कळला होता. मी मराठीची शिक्षिका आहे, वऱ्हाडी मराठीच आहे हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? नियम डच आणि इंग्रजीचा होता. तिनं कोणताही नियम मोडला नव्हता. आणि मी — मी हसले. मुलांबरोबर हसले, आणि मान हलवली. दे.

तिनं मान पुढे केली. तिला वाटलं, बक्षीस आहे.

त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याची आजी मालवणची. तो 'खंय' म्हणाला, 'कित्याक' म्हणाला की मी सगळ्यांना थांबवून त्याला पुन्हा म्हणायला लावायचे, किती गोड म्हणून. त्याच्या गळ्यात त्यासाठी बूट कधी गेला नाही. का? त्याचं आडनाव माझ्या आडनावाच्या पंगतीतलं होतं आणि संबोधीचं नव्हतं. प्रवेशाच्या कागदावर मी ते वाचलं तेव्हाच माझ्या मनात एक जागा ठरवून टाकली होती तिच्यासाठी. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी तसली नाही. आमच्या घरी तसलं काही मानत नाहीत, असं मी चारचौघांत म्हणतसुद्धा असे. म्हणायला काय जातं?

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मुलांना शोध लागला की संबोधीनं तोंड उघडलं की बूट द्यायचा. तिचं काहीही चालतं. ती 'मले' म्हणाली, द्या. 'कायले' म्हणाली, द्या. आणि तिला मात्र तो कोणाला देता येईना, कारण बाकीचे हुशार झाले होते, कुजबुजत डच बोलायचे. रविवारमागून रविवार ती खुर्च्या आवरायची. खुर्ची तिच्या छातीइतकी उंच. मी बघत होते. चिवडा वाटत होते आणि बघत होते. दोन महिन्यांनी ती वर्गात बोलायची बंद झाली.

तरीही मी थांबवलं नाही.

मग एका रविवारी प्रज्ञा तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "ताई, ती आजकाल घरीपण गप्प असते. क्लासमध्ये काही झालंय का?" तिला काही ठाऊक नव्हतं. मुलीनं सांगितलं नव्हतं. तो क्षण माझ्या हातात होता — एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मी काय म्हणाले ऐका. म्हणाले, अगं, ती सारखी डच बोलते वर्गात, तिचा भाषांचा गोंधळ होतोय. घरी एकच भाषा ठेवा, तिच्या रोजच्या शाळेची, डच. मराठी नंतर येईल आपोआप.

प्रज्ञानं ते फोनमध्ये टिपून घेतलं. आणि जाता जाता, जरा ओशाळून म्हणाली, "आमचं घरचं बोलणंही तसंच आहे ना ताई. चांगलं मराठी तिच्या कानावर पडतच नाही." मी तेही तसंच राहू दिलं. नुसती हसले.

पुढच्या रविवारपासून संबोधी आली नाही. घरात त्यांनी माझा सल्ला पाळला — प्रज्ञा कामात चोख आहे, सांगितलेलं करते. मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं.

याला आता नऊ वर्षं झाली. वर्ग मी केव्हाच बंद केला. प्रज्ञा अधूनमधून सुपरमार्केटमध्ये भेटते, अजून ताई म्हणते. आणि हे पुस्तक वाचेपर्यंत, खरं सांगते, मला यातलं काही आठवत नव्हतं. आठवत नव्हतं की मी आठवू देत नव्हते? तुमचं तुम्ही ठरवा. पुस्तकाचा राग आला तो का आला, हे समजायला मला आठवडा लागला. त्या फळीवाल्या मास्तरांचं नावगाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. किती सोयीचं!

मागच्या शनिवारी प्रज्ञाचा निरोप आला. तिच्या सासूबाई अकोल्याहून आल्यात, पहिल्यांदाच परदेशी, इथे बोलायला कोणी नाही, तुम्ही चहाला याल का. मी ठरवलं, आज सांगायचं. सायकल काढली. वाटेत वाक्यं जुळवत गेले — प्रज्ञा, तेव्हा मी खोटं बोलले. एवढंच तर म्हणायचं होतं.

संबोधी आता सोळा वर्षांची आहे, उंच, शांत. ती आजीशेजारी सोफ्यावर बसली होती, दोघींचे हात एकमेकींच्या हातात. आजी काही म्हणाल्या की प्रज्ञा ते डचमध्ये सांगायची. मुलगी उत्तर द्यायची, प्रज्ञा ते परत मराठीत आणायची. मग प्रज्ञा चहा टाकायला आत गेली आणि त्या दोघी गप्प झाल्या. आजी तिच्या हातावरून नुसता हात फिरवत राहिल्या. त्यांनी पाच वर्षं वाढवलेली मुलगी. मी समोर बसून ते बघितलं. किती वेळ गेला असेल? पाच मिनिटं.

प्रज्ञा चहा घेऊन आली आणि म्हणाली, आई, याच मेधाताई. आजींनी हात जोडले. म्हणाल्या, "तुमीच का त्या मराठीच्या बाई? आमच्या पोरीपायी लय तरास झाला असन तुमाले. तिच्याच डोक्यात नाही शिरलं, त्याले तुमी तरी काय करसान?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. संबोधीसुद्धा. तिला मराठी बोलता येत नाही, पण समजतं थोडं. आणि तिला ते रविवार आठवत होते — ते मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ती वाट बघत होती, मी काय म्हणते.

मी म्हणाले, "हो ना, आजी. मी माझ्याकडून खूप प्रयत्न केला. पण तिचं लक्षच नसायचं."

आजींनी मान हलवली. संबोधी उठली, किटली उचलली, आणि मला डचमध्ये, अगदी अदबीनं विचारलं, आणखी चहा हवा का.

मी कप पुढे केला.