अक्कांचं काम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, बंगल्यावरची नोकरी मी तब्येतीमुळे सोडली. तब्येतीला काय झालं होतं? काही नाही. मला तिथल्या फोनकडे बघवत नव्हतं – पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार.

साहेब दिल्लीत, केंद्रात मंत्री. जळगावच्या बंगल्यावर राहायच्या त्या त्यांच्या पत्नी, अक्का. नव्वदच्या आधीची दोन-तीन वर्षं मी तिथे टपाल आणि टेलिफोन सांभाळत होतो. अक्कांकडे ना पद, ना शिक्का, ना सहीचा अधिकार. पण सकाळी नऊपासून ओट्यावर माणसं बसलेली – कोणी भडगावचा, कोणी जामनेरचा, कोणी पार साक्रीहून आलेला. अक्का तांदूळ निवडता निवडता ऐकून घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "भाऊ, फोन लाव." "अक्कांनी सांगितलंय" एवढं म्हटलं की पलीकडच्या अधिकाऱ्याचा आवाजच बदलायचा. लेखी काही नाही. आणि बाईंनी खरंच सांगितलं का, हे उलटून विचारायची कोणाची छाती होती?

आता माझी थोरली बहीण. तिलाही आम्ही अक्काच म्हणतो. खान्देशात घरटी एक अक्का असतेच. ती चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षिका होती आणि सासर जामनेरला. दर भेटीत रडायची. एवढ्या मोठ्या घरी बसतोस आणि बहिणीसाठी एवढं होत नाही तुझ्याच्याने? मी सरळ अक्कांना विचारू शकलो असतो. का नाही विचारलं? कारण अक्का आधी चौकशी करायच्या – त्या जागेवर कोण आहे, तिची अडचण काय. चौकशी झाली असती तर काम झालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी अक्का लग्नाला गेल्या होत्या. मी शिक्षण खात्यातल्या साहेबांना फोन लावला, बहिणीचं सासरकडचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "जामनेरला बदली हवी. अक्कांचं काम आहे."

काम अक्काचं होतं की नाही? होतंच की. मग खोटं कुठे बोललो? कित्येक वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो. पण बहिणीला मी जन्मात कधी अहो-जाहो केलेलं नाही. तिचं काम म्हणजे 'अक्काचं' काम. मी 'अक्कांचं' म्हणालो. माझी सगळी लबाडी त्या एका अनुस्वारात होती, आणि तो मी मुद्दाम ठासून उच्चारला.

आठ दिवसांत आदेश निघाला. बहीण जामनेरला आली आणि तिथल्या शाळेतल्या तायडेबाईंना तिच्या जागी पाड्यावर पाठवलं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं म्हणू? आलं होतं. कोणीतरी जाणारच होतं. मी फक्त तिचं नाव विचारायचं टाळलं होतं.

मग एके सकाळी तायडेबाई स्वतःच ओट्यावर येऊन बसल्या. नवरा वरणगावच्या कारखान्यात, घरी लकवा झालेली सासू, दोन लहान मुली. रडल्या नाहीत. ताठ बसून म्हणाल्या, "अक्का, ऑफिसात सांगतात, तुमचा फोन होता. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. आता विचारतील – आता मेलो! नोकरी जाईल, बहिणीची बदली रद्द होईल, गावात तोंड दाखवता येणार नाही. त्या क्षणी मला तायडेबाई दिसतच नव्हत्या, फक्त माझं काय होणार ते दिसत होतं. पण अक्का नुसत्या आठवत राहिल्या. रोज दहा-बारा फोन त्यांच्या नावाने जायचे. त्यातला आपण सांगितलेला कोणता, हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं होतं. शेवटी आपणच सांगितलं असेल असं धरून अहिराणीत म्हणाल्या, "मीच सांगेल व्हई, माय. माले ध्यान नही. मन्ही चूक शे." आणि माझ्याकडे वळून, "आते फिरावता येई का रे भाऊ?"

बदली फिरवता येत होती. एका फोनचं काम होतं. पण मग पलीकडून विचारलं असतं – आधी तुम्हीच ना सांगितलंत?

"आता नाही होत, अक्का. आदेश निघालाय," मी म्हणालो.

पहिलं खोटं निदान अनुस्वाराचं होतं. हे धडधडीत होतं. तायडेबाईंनी चार महिने पाड्यावर काढले आणि राजीनामा दिला. तो कळल्यावर महिन्याभरात मी बंगला सोडला, पण खरं सांगून नाही.

पुढे काही वर्षांनी अक्का गेल्या. बंगल्यावर भेटायला गेलो तर तायडेबाई आलेल्या. मला ओळखून जवळ आल्या. म्हणाल्या, "नोकरी गेली हो माझी. पण अक्का तोंडावर म्हणाल्या, माझी चूक आहे. मोठ्या घरातलं एवढं तरी कोण म्हणतं?"

"खरंय," मी म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.